बाहेरच्यांचं कपाट

तीस वर्षं मी उपदेश करतो आहे. आठवड्याला एक धरला तरी आकडा पंधराशेच्या वर जातो. एवढ्या उपदेशांतून लोकांच्या लक्षात राहिलेली वाक्यं फक्त दोन, आणि ती दोन्ही माझ्या वहिनींची आहेत. त्यावर कडी म्हणजे, ती मी भरल्या सभेत सोळाशे वर्षांपूर्वी वारलेल्या कुणा विद्वानाच्या नावावर खपवली. वहिनी त्या वेळी तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

आता सगळं निस्तरलं आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. तेव्हा मात्र आम्हा दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. माझं जरा उशिरा पळालं, कारण मला कुठलीच गोष्ट वेळेवर कळत नाही असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे.

माझे थोरले भाऊ, आमचे दादा, चर्चमध्ये पाळक होते. मीही पाळक. दादा मोजकं बोलायचे, मी न मोजता बोलतो. वहिनी आम्हा दोघांपेक्षा हुशार होत्या, पण हे आमच्या घरात कधी कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पाळक तयार करणाऱ्या आमच्या धर्मविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या सव्वीस वर्षं सहायक होत्या. आलेल्या पुस्तकावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, कार्ड करायचं, फाटलेलं पुस्तक शिवून चिकटवून परत उभं करायचं, हे त्यांचं काम. ग्रंथालयाच्या मागे एक अरुंद दुरुस्तीची खोली होती. तिथे एक लांब टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचा लाकडी दाब, खळीचं भांडं, टाइपरायटर आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. वहिनींच्या बोटांवर कायम वाळलेली खळ असायची. बोलता बोलता त्या ती खरवडून टेबलाच्या कडेला तिचा छोटा ढीग करायच्या. आमच्याकडे आल्या की माझी बायको आधी एक वर्तमानपत्र पसरायची आणि मग चहा टाकायची.

त्या ग्रंथालयात खिडकीजवळ एक काचेचं कपाट होतं. त्यात एकशे चाळीस पुस्तकं होती, सगळी ग्रीक आणि रोमन लोकांची, आपल्या भाषेत किंवा इंग्रजीत आणलेली. युद्धाची लांबलचक काव्यं, नाटकं, तत्त्वज्ञांच्या चर्चा, मोठमोठ्या गृहस्थांची पत्रं. बहुतेक लेखक प्रभूच्या जन्माआधीचे, आणि जे नंतरचे तेही त्याच्या गावाला न गेलेले. त्यामुळे विद्यार्थी त्याला बाहेरच्यांचं कपाट म्हणत. हे कपाट असावं की नसावं यावर आमच्या पाळक मंडळींत दोन तट होते. एका तटाचं म्हणणं, आपल्या घरात भरपूर असताना शेजाऱ्याचे डबे कशाला उघडायचे. दुसऱ्या तटात विद्यालयातले सगळ्यात ज्येष्ठ शिक्षक, आमचे मोठे सर, होते. त्यांचं म्हणणं असं, की खुद्द बायबलातल्या एका प्रेषिताने परक्या शहरात उभं राहून तिथल्या लोकांच्याच कवीचा आधार घेतला होता. ती ओळ त्याला आकाशातून मिळाली नव्हती. त्याने ती कुठेतरी बसून वाचली असणार.

पण मोठे सर नुसतं बोलून थांबणारे नव्हते. त्यांनी एक पद्धत पाडली. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या पुठ्ठ्याला आतून एक कागदी खिसा, आणि त्या खिशात टाइप केलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन मथळे: काय घ्यावं, काय सोडावं, कुठे थांबावं. सरांनी स्वतः पुस्तक वाचून ती लिहायची, आणि चिठ्ठी असल्याशिवाय पुस्तक विद्यार्थ्याच्या हाती द्यायचं नाही. खाली सही नसायची. विद्यार्थ्याने सरांचं नाव बघून मान डोलवू नये, पुस्तक बघून डोलवावी, असं ते म्हणायचे.

साठ चिठ्ठ्या झाल्या आणि सर वारले.

पुढच्याच महिन्यात व्यवस्थापक मंडळाने ठराव केला, की वर्षअखेरपर्यंत ज्या पुस्तकाला चिठ्ठी नसेल ते खोक्यात भरून तळघरात ठेवावं. तळघर म्हणजे काय ते वहिनींना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर आणलेली तिथली पुस्तकं त्यांनीच कितीदा पुसली होती; पानं एकमेकांना चिकटलेली, कडेला हिरवी बुरशी. ऐंशी पुस्तकं तिकडे जाणार होती. वहिनींनी दादांना विचारलं. दादा नेहमीच्या मोजक्या शब्दांत म्हणाले, "तू वाचतेसच की. लिही." वहिनी म्हणाल्या, "आणि कुणी विचारलं तर?" दादा म्हणाले, "खोटं बोलू नकोस. पण विचारेपर्यंत सांगायची गरज नाही. चिठ्ठीवर सही नसतेच."

पहिली चिठ्ठी त्यांनी दुपारच्या सुट्टीत लिहिली, एका हातात उकडलेलं अंडं धरून. वर्षअखेरीला मंडळाचे चिटणीस विचारायला आले तेव्हा पंचवीस चिठ्ठ्या तयार होत्या. त्या म्हणाल्या, "चिठ्ठ्या आहेत, होताहेत." चिटणीसांना वाटलं, सरांच्या कागदपत्रांतून निघताहेत. ते निवांत होऊन गेले. पुढच्या सात-आठ वर्षांत उरलेल्याही झाल्या. त्याच टाइपरायटरवर, तशाच कागदावर, त्याच तीन मथळ्यांखाली.

वहिनींना ग्रीक येत नव्हतं की लॅटिन. धर्मशास्त्राची पदवीही नव्हती. पण त्यांना माणसं वाचता येत होती. एका नाटकाच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिलं होतं: "शेवटी सगळे मरतात आणि एकही जण माफी मागत नाही. माफी नसली तर घर कसं दिसतं, हे बघण्यासाठी वाचावं." युद्धाच्या एका काव्यावर: "इथले देव माणसांपेक्षा जास्त भांडतात. हसू येतं. पण माणसं त्यांच्याकडे किती आशेने बघतात, तिथे हसू नये." आणि एका रोमन गृहस्थाच्या पत्रांवर: "नोकराशी नीट वागा असं सांगतो, त्याला मोकळा करा असं सांगत नाही. इथे थांबावं, आणि आपण कुणाला काय सांगत नाही ते आठवावं." विद्यार्थी पुस्तक नेण्याआधी कपाटाशी उभे राहून चिठ्ठ्याच वाचत बसायचे. मीही वाचायचो, आणि दरवेळी म्हणायचो, वा सर.

वहिनी हे सगळं का करत होत्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ते कुठल्याच मंडळीचे, म्हणजे चर्चचे, नव्हते. वहिनी मैत्रिणीबरोबर चर्चमध्ये जाऊ लागल्या, एकोणिसाव्या वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि वडिलांनी अडवलं नाही. उलट दर रविवारी ते त्यांना दारापर्यंत सोडायला यायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, थंडी असो की ऊन. आत या म्हटलं तर म्हणायचे, "मी इथे बरा आहे." घरी जाताना मात्र विचारायचे, "आज काय सांगितलं?" वहिनी सगळं सांगायच्या. ते नीट ऐकायचे आणि म्हणायचे, "हे खरं असेल तर फार बरं होईल." असं आठ वर्षं चाललं. मग ते वारले. त्यांना पोचवून परत येताना मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ हळहळून म्हणाले, "माणूस भला होता हो, पण बाहेरच राहिला." ते गृहस्थ वाईट नव्हते. वहिनी मात्र तेव्हापासून त्या एका शब्दाशी भांडत होत्या, आणि त्यांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

माझ्याकडे बुटांचा एक खोका आहे. कुठे चांगलं वाक्य दिसलं की मी ते कार्डावर उतरवतो आणि खोक्यात टाकतो. खोक्यात विभाग आहेत: दुःख, लग्न, कृतज्ञता, आणि सगळ्यात मागे आद्य धर्मपिते, म्हणजे मंडळीच्या पहिल्या काही शतकांतले विद्वान. उपदेशात त्यांचं एखादं वाक्य टाकलं की लोक जरा सावरून बसतात. कार्डाखाली नाव आणि पान लिहायचा मला कंटाळा आहे. एकदा आमच्या मांजराने खोका शेल्फावरून खाली पाडला. कार्डं घरभर झाली. ती मी अंदाजाने परत लावली. ज्यावर नाव नव्हतं आणि मजकूर वजनदार होता, ते कार्ड सरळ आद्य पित्यांत गेलं. हे शास्त्रशुद्ध नव्हतं हे मला मान्य आहे.

विद्यालयाला शंभर वर्षं झाली तेव्हा मुख्य उपदेश माझ्याकडे आला. आदल्या दिवशी मी खोका उपसला आणि मागच्या विभागात माझ्याच अक्षरातलं हे कार्ड हाती लागलं:

"दिवा लागण्याआधी तो या घरात वावरत होता. त्याला ठेचा लागल्या, पण दार कुठे आहे ते त्याने बरोबर ओळखलं होतं."

मला ते आठवेना, पण इतकं चांगलं वाक्य आमच्यापैकी कुणाचं असेल अशी शंकाही आली नाही. दुसऱ्या दिवशी मी आवाज खाली आणून म्हणालो, "चौथ्या शतकातले एक धर्मपिते म्हणतात," आणि वाचलं. चौथं शतक मी जागच्या जागी ठरवलं. सभा सावरून बसली. वहिनींचा चष्मा खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. मला वाटलं, वहिनींना भरून आलं. मलाही जरा भरून आलं.

प्राचार्य तर हरखूनच गेले. ते सहा वर्षांपूर्वी आलेले, कडक इस्त्रीचे गृहस्थ. बाहेरच्यांच्या कपाटाबद्दल त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "मोठ्या सरांच्या चिठ्ठ्या आहेत म्हणून हे कपाट उघडं आहे. नाहीतर मी ते एक दिवस ठेवलं नसतं." त्यांनी जाहीर केलं की ग्रंथालयाचं नवं दार होतंय, त्यावर ही दोन वाक्यं दगडात कोरून लावायची. मला म्हणाले, "धर्मपित्याचं नाव, ग्रंथ, खंड आणि पान एवढं द्या."

"देतो की," मी म्हणालो. मला भाव खायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. त्या पुस्तकाला दाब देत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, एवढं शोधायला मदत करा. तुम्हाला कपाटं पाठ आहेत." त्या दाब आणखी घट्ट करत म्हणाल्या, "बघू या." तीन आठवडे आम्ही बघत होतो. म्हणजे मी खुर्चीवर बसायचो आणि वहिनी एकेक जाडजूड खंड काढून सूची चाळायच्या. धर्मपित्यांचे बावीस खंड झाले. दरवेळी खंड मिटून त्या म्हणायच्या, "यात नाही." त्या दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "एवढं जिवाला लावून घेऊ नका, सापडेल."

त्या कशात अडकल्या होत्या ते आता कळतं; सल्ला विचारायला तोवर दादाही राहिले नव्हते. सांगितलं तर प्राचार्यांना एकच गोष्ट कळणार होती, की ऐंशी चिठ्ठ्या सरांच्या नाहीत. ऐंशी पुस्तकं तळघरात, कदाचित सगळं कपाटच. निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. आणि सांगितलं नाही तर मी शोधतच राहणार, हा एक वेगळा त्रास.

मग पाथरवट आला. अंगणात दगड आडवा टाकून त्याने दोन्ही वाक्यं कोरायला घेतली. नावासाठी खाली जागा सोडली. पाचव्या दिवशी त्याने प्राचार्यांना विचारलं, नावाची अक्षरं किती? प्राचार्य म्हणाले, "नाही सापडलं तर 'एक आद्य धर्मपिता' एवढंच कोरा. सोमवारी करून टाका." दुरुस्तीच्या खोलीची खिडकी उघडी होती.

शनिवारी सकाळी वहिनींनी मला बोलावून घेतलं. टेबल स्वच्छ पुसलेलं, त्यावर एक जाड फाइल.

"बसा भावजी."

"सापडलं का?"

"हरवलं असतं तर सापडलं असतं. ती वाक्यं माझी आहेत."

"तुमची म्हणजे? तुम्ही कुठून उतरवलेली?"

"मी लिहिलेली." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. आत ऐंशी चिठ्ठ्यांच्या कार्बन प्रती होत्या, तारखेनिशी.

खरं सांगतो, मला आधी राग आला. माझं हसं होणार हे पहिल्यांदा डोक्यात आलं, वहिनींचं काय होणार हे नंतर. मी म्हणालो, "अहो, मग तीन आठवडे बावीस खंड कशाला उघडलेत?"

"तुम्ही उघडायला सांगितलेत म्हणून. आणि मी काही खोटं बोलले नाही. दरवेळी यात नाही, असंच सांगितलं."

मी फाइल चाळू लागलो. त्यांनी एक चिठ्ठी काढून पुढे ठेवली. एका तत्त्वज्ञाच्या पुस्तकाची होती. काय घ्यावं: प्रामाणिकपणे विचारलेले प्रश्न. काय सोडावं: स्वतःच्या बळावर चांगलं होता येतं हा भरवसा. कुठे थांबावं: आणि त्याखाली ती दोन वाक्यं. आठ वर्षांपूर्वी मी कपाटाशी उभा राहून तेवढीच उतरवून घेतली असणार.

"हे त्या तत्त्वज्ञाबद्दल आहे," मी म्हणालो.

"निम्मं," वहिनी म्हणाल्या. "निम्मं बाबांबद्दल." आणि मग त्यांनी तो बाक, ते रविवार, ते हळहळणारे गृहस्थ, सगळं सांगितलं. हे सगळं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बोलताना त्या बोटांवरची खळ खरवडत होत्या, पण त्या दिवशी बोटांवर खळ नव्हती. "बाबांचं पुढे काय झालं ते मला ठरवता येत नाही, भावजी. ते देवाचं काम आहे. पण जे लोक देव शोधत होते त्यांना नुसतं बाहेरचे म्हणून तळघरात टाकणं मला जमलं नाही. आणि आता त्यांच्याबद्दलच्या वाक्याखाली दगडात खोटं नाव कोरणंही जमणार नाही. मी प्राचार्यांकडे जाते आहे. तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तरी चालेल."

गेलो. फाइल मीच उचलून नेली.

प्राचार्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी मध्येच मांजराची हकिकत सांगितली, त्याचा काही उपयोग झाला नाही. ते वहिनींना म्हणाले, "म्हणजे बाई, बारा वर्षं आमचे विद्यार्थी एका सहायक बाईंच्या सांगण्यावरून हे साहित्य वाचताहेत."

"हो," वहिनी म्हणाल्या.

"यात एखादी चूक असेल तर?"

"असेल. म्हणून तर प्रती ठेवल्या आहेत."

त्यांनी फाइल ठेवून घेतली, कपाटाची किल्ली मागून घेतली आणि दोन महिन्यांची सुट्टी संपेपर्यंत वाट बघा असं सांगितलं. पाथरवटाला काम थांबवायला सांगितलं. दगड अंगणात पोत्याखाली पडून राहिला, वहिनींच्या खिडकीसमोरच. वहिनी रोज येत होत्या, पुस्तकं शिवत होत्या, आणि काचेच्या कपाटाकडे न बघता जात होत्या. सुट्टीतही दर दोन-तीन दिवसांनी प्राचार्य त्यातून चार-पाच पुस्तकं काखेत मारून घरी नेतात, एवढंच त्यांना दिसत होतं. मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचो. त्या म्हणायच्या, "अजून काही नाही. जेवलात का?" माझी बायको मला म्हणाली, "तुमच्या त्या खोक्याला आधी कुलूप लावा." तिचं बरोबर होतं.

त्या दिवसांत मी स्वतः काहीतरी करावं असं मला वाटलं. सुट्टीतल्या एका रविवारी, उपदेश सुरू करण्याआधी, मी सांगून टाकलं की शताब्दीला मी जे चौथं शतक सांगितलं ते माझ्या मनचं होतं, ती वाक्यं आपल्यातल्याच एका वाचकाची आहेत, आणि त्यांचं नाव मला सांगायची परवानगी नाही. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. माझे कान गरम झाले. पण घरी गेल्यावर मी पोटभर जेवलो, जे गेल्या कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

सुट्टी संपली त्या सकाळी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर फाइल होती. ते थकलेले दिसत होते. डोळे लाल.

"एकतीस पुस्तकं पूर्ण वाचली," ते म्हणाले. "बाकीची चाळली. चार चिठ्ठ्यांवर मी पेन्सिलने लिहिलं आहे."

वहिनी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठे चुकलं?"

"तीन ठिकाणी तुम्ही फार कडक झालात. त्या नाटकातल्या बाईला तुम्ही एका ओळीत निकालात काढलंत. तिचं दुःख मला जास्त खरं वाटलं. परत वाचून बघा."

"बघते. आणि चौथं?"

"चौथ्यात तुम्ही लिहिलंय, पुस्तक कंटाळवाणं आहे पण वाचावं. मला ते मुळीच कंटाळवाणं वाटलं नाही."

मला हसू आलं ते मी खोकल्यात दडवलं. प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी शिकलो तिथेही असं कपाट होतं," ते म्हणाले. "कुलपात. किल्ली कुणाकडे होती तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. वीस वर्षं मी या लोकांविरुद्ध शिकवतो आहे, ते दुसऱ्यांनी काढलेल्या टिपणांवरून. आपण कुणाशी भांडतोय ते मी या सुट्टीत पहिल्यांदा पाहिलं. काही ठिकाणी अजूनही भांडेन. काही ठिकाणी मला गुडघ्यांवर बसून प्रार्थना करावी लागली." त्यांनी खिशातून किल्ली काढून वहिनींसमोर ठेवली. "कपाट उघडा. चिठ्ठ्या जिथे होत्या तिथे घाला. यापुढची प्रत्येक चिठ्ठी आधी मला दाखवायची, एवढी एक अट आहे."

वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्या नुसत्या किल्लीवर हात ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, थोडं पाणी मिळेल का?" प्राचार्यांनी स्वतः उठून पाणी दिलं.

त्या दिवशी घरी जाऊन मी खोका काढला. त्या कार्डाखाली लिहिलं: माझ्या वहिनी, दुरुस्तीची खोली. आणि ते परत आद्य पित्यांच्याच विभागात ठेवलं. या वेळी अंदाजाने नाही, विचार करून.

दगडाचं काम राहिलं होतं. प्राचार्यांच्या मनात खाली वहिनींचं नाव घालायचं होतं, जागा तर सोडलेलीच होती. वहिनी म्हणाल्या, "चिठ्ठीवर सही नसते." त्यांनी पुष्कळ आग्रह केला, त्या ऐकेनात. शेवटी प्राचार्य म्हणाले, "बरं, नाव नको. पण तुमची काही इच्छा असेल तर सांगा."

पाथरवट आणि त्याचा भाऊ दगड उचलून दाराच्या बाहेरच्या बाजूला टेकवत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसावा असं आधीच ठरलं होतं. वहिनींनी तिकडे एकदा बघितलं.

"एकच आहे," त्या म्हणाल्या. "तेवढा आतल्या बाजूला लावा."

प्राचार्यांना कारण कळलं नाही. ते म्हणाले, "आतून कुणाला दिसणार बाई? जो आत येऊन मागे वळेल त्यालाच." मी मात्र दुसरीकडे बघत उभा होतो, कारण माझ्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. "असू दे," वहिनी म्हणाल्या. मग दोघा भावांनी दगड परत उचलला आणि उंबरठा ओलांडून सावकाश आत नेला. वहिनी दार धरून उभ्या होत्या.